उन्हाची पुडी आणि जगदेवचं वाळवण

सोयाबीन वाळवावं तर जगदेवनंच! जऊळक्याच्या आसपासच्या खेड्यांत हे कोणीही सांगेल, आणि कोणी नाही सांगितलं तर जगदेव स्वतः येऊन सांगेल. मूठभर दाणे उचलायचे, कानाशी नेऊन खुळखुळवायचे, त्यातला एक दाढेखाली धरून टचकन फोडायचा आणि डोळे मिटून ओल किती ते जाहीर करायचं. बाजार समितीतल्या यंत्रानं वेगळा आकडा दाखवला, तर जगदेवच्या मते यंत्र दुरुस्तीला टाकायची वेळ झालेली असायची.

असा माणूस घरात असताना त्याच्याच नातीच्या छातीत ओल राहावी, ही केवढी नामुष्की!

नात म्हणजे राखी. तिसरीतली पोर, जिभेनं तिखट आणि छातीनं नाजूक. तिला बाळदमा होता. मळणीचा हंगाम सुरू झाला की गावभर धूळ उडायची आणि राखीच्या छातीतून शिट्टी वाजायला लागायची. तिचा बाप शिवम स्वतःचं थ्रेशर घेऊन गावोगाव मळणीला जायचा आणि येताना निम्म्या तालुक्याची धूळ अंगावर घेऊन यायचा. पण जगदेव धुळीला दोष द्यायला तयार नव्हता. त्यानं जन्मभर धूळ खाल्ली होती. दर हंगामात त्याचाही घसा बसायचा, झोपताना दोनाच्या तीन उशा लागायच्या, पण ते मजुरांवर ओरडून होतं, असं त्याचं म्हणणं. मजूर म्हणायचे, बुढा तर दिवसभर बांधावर बसून असतो, ओरडतो कवा?

दसरा झाल्यावर राखीला वाशिमला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सून निता होतीच, पण कारभारी म्हणून जगदेवही गेला. बाईंनी छाती तपासली, रक्त तपासायला दिलं आणि सहज विचारलं, घरात आणखी कोणाला दमा आहे का?

जगदेव खुर्चीत ताठ झाला. "आमच्या खानदानीत दम्याचं नाव नाही, म्याडम. हे पोरीच्या आईकडून आलं."

निताच्या माहेरी, अकोल्याला, कोणी साधं खोकलेलंही तिला आठवत नव्हतं. पण सासऱ्याच्या तोंडी लागायचं कसं? तिनं तो घोट गिळला, आणि तो तिला फार कडू लागला.

रक्ताचा रिपोर्ट आला. पोरीच्या अंगात व्हिटॅमिन डी फारच कमी. धाप लागते म्हणून तिला घरात कोंडून ठेवलेलं, मग अंगाला ऊन लागणार कधी? बाईंनी पुड्या लिहून दिल्या, आठवड्याला एक, दुधातून. त्यांनी समजावूनही सांगितलं की ही पुडी कमी आहे ते भरून काढायला आहे, हाडांना चांगली आहे, पण दम्याला तिचा कितपत उपयोग होतो ते अजून नीट ठरलेलं नाही. दम्याचं औषध म्हणजे हा तोंडानं ओढायचा पंप. तो सकाळ-संध्याकाळ आणि धाप लागली की तेव्हाही द्यायचा, चुकवायचा नाही, आणि पोरीला धुळीपासून लांब ठेवायचं. थोडं सकाळचं ऊनही लागू द्यायचं.

एवढ्या बोलण्यातलं जगदेवनं एकच ऐकलं. ऊन!

परतीच्या एसटीत त्यानं सगळा सिद्धांत मांडला, ड्रायव्हरलाही ऐकू जाईल इतक्या जोरात. पोरीत ओल आहे. ओलीमुळे शिट्टी वाजते. ओल काढायला ऊन लागतं. ती पुडी म्हणजे दुसरं काय, ऊनच दळून भरलेलं. आणि उन्हानं ओल काढण्यात या जिल्ह्यात आपला हात धरणारा कोण आहे? कंडक्टर म्हणाला, कोणी नाही बुढेबा, आता बसून घ्या.

घरी आले तर निताचा भाऊ वीरेंद्र याचा फोन. तो अकोल्याला नोकरीला. त्याचं म्हणणं सरळ होतं. तिकडं मळणीची धूळ काही थांबणार नाही, तेव्हा राखीला अकोल्याला आपल्याकडे ठेवू, शाळाही तिथं, डॉक्टरही जवळ. भाऊबीजेला येतो आणि येताना पोरीला घेऊनच जातो.

राखीवाचून घर ही कल्पनाच जगदेवला सोसेना. त्याच्या ताटाला ताट लावून जेवणारी ती. मोबाइलवर सोयाबीनचा भाव वाचून दाखवणारी ती, आणि भाव पडला की त्याच्या वतीनं व्यापाऱ्यांचा उद्धार करणारीही तीच. ती गेल्यावर त्यानं काय भिंतीशी बोलायचं? त्यानं निताच्या हातून फोन घेतला. ओसरीवर शेजारचा शेषराव बसला होता, तो साक्षीला.

"भाऊबीजेले ये तू. त्या दिवशी माह्या घरात शिट्टी वाजली ना, तर ज्याच्या छातीतून वाजली त्याले खुशाल अकोल्याले घेऊन जाजो. मी आडवा येनार नाही. जगदेवचा शब्द हाय."

वीरेंद्र बरं म्हणाला. शेषराव म्हणाला, बुढा पेटला.

लगेच कामाची वाटणी झाली. पंप निताकडे, कारण जगदेवला तो मुळीच पसंत नव्हता. पंपाची सवय लागते, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. कोणी ते त्याला आठवत नव्हतं, पण सांगणारा माणूस हुशार होता. पुड्या आणि ऊन मात्र जगदेवकडे.

आता, सरळ दुधात पुडी टाकून पोरीला दिली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण जगदेवचा एक नियम होता. मागे एकदा त्यानं नवं तणनाशक थेट सगळ्या वावरात मारलं होतं. तण जोमात राहिलं आणि सोयाबीन जळालं. तेव्हापासून कुठलंही नवं औषध आधी एका ओळीवर मारून पाहायचं, मगच पिकावर. आणि इथं तर पीक म्हणजे राखी!

मग ओळ कोण?

त्यानं आधी बायकोला विचारलं. कस्तुराबाईनं हातातलं लाटणं खाली न ठेवताच नाही म्हटलं. मग बकरीवर प्रयोग झाला. बकरीनं पुडी कागदासकट खाल्ली आणि त्याच्या धोतराचा सोगाही चघळून पाहिला. पण बकरीला मुळात दमाच नाही, तर गुण आला हे ओळखायचं कसं? शिवाय जगदेवला तेव्हा सुचलं की चाचणी घ्यायची तर त्याच वाणावर घ्यावी लागते. तुरीवर मारलेलं औषध सोयाबीनला कसं लागू पडेल?

"पोट्टी माह्याच वाणाची हाय," त्यानं कस्तुराबाईला सांगितलं. "नाक पाय, कान पाय, सारं माहं. मीच घेऊन पाह्यतो."

डॉक्टरीणबाईंसमोर दमा आईकडून आला म्हणणारा हाच माणूस, हे कस्तुराबाईच्या लक्षात आलं. पण चुलीवर पुरणाची डाळ उतू चालली होती, म्हणून तिनं ते बोलायचं राहू दिलं.

पुडी आठवड्याला एक होती, पण ती राखीच्या मापाची. पोर म्हणजे गुंठाभर जमीन आणि आपण एकरभर, असा हिशोब करून जगदेवनं रोज एक पुडी घ्यायला सुरुवात केली. गोड लागायची. निताला वाटे पुडी राखी घेते आहे, राखीला आबाजींनी सांगितलं होतं की जरा दम धर, तुझ्या आधी मी पाहतो.

मग ऊन. अंगणात ताडपत्रीवर नुकतंच मळलेलं सोयाबीन पातळ पसरलेलं होतं. त्याच्याच एका कडेला, अंगात फक्त चड्डी ठेवून, जगदेव स्वतः पसरला. कस्तुराबाई सोयाबीन परतायला यायची, पायानं दाण्यांत ओळी पाडत शेवटापर्यंत जायची आणि शेवटी नवऱ्यालाही कूस बदलायला लावायची. तिच्या दृष्टीनं तो एक ओळ जास्त, एवढंच. राखीला मात्र अंगणात पाय ठेवायची बंदी झाली. चाचणीच्या ओळीशेजारी दुसरं पीक नको! तिची रवानगी मागच्या दारी पेरूच्या झाडाकडे झाली. तिथं धूळ पोचत नव्हती, ऊन छान यायचं आणि पेरू पिकले होते. सकाळ-संध्याकाळ निता तिला पंप द्यायची आणि चूळ भरायला लावायची.

इकडे वाळवण चालू. जगदेवचा रंग वांग्यावर गेला, पाठीची साल निघाली. तहान इतकी लागायची की रांजण रिकामा व्हायचा आणि शौचास मात्र साफ होईना. नाकातोंडात सोयाबीनची भुकटी जायची ती वेगळीच. छातीतून बारीक आवाज यायला लागला, तेव्हा कस्तुराबाई म्हणाली की हे लक्षण काही बरं नाही. जगदेव हसायला गेला आणि खोकला. ओला माल उन्हात टाकला की आधी त्याला घाम सुटतो, हे तिला इतक्या वर्षांत कळू नये? ओल बाहेर पडून राहिली होती! दोन दिवस गेले आणि त्याचा आवाजच बसला. तो खुणांनी बोलू लागला, आणि त्या खुणांतही फुशारकीच होती.

भाऊबीज उजाडली. वीरेंद्र सकाळच्या गाडीनं जऊळका स्टेशनवर उतरणार होता. जगदेवनं ठरवलं की त्याच्यासमोर उरलेली शेवटची ओलही नको. तो उजाडताच ताडपत्रीवर आडवा झाला आणि दमल्यामुळे त्याचा डोळा लागला. कस्तुराबाई त्याच्या उशाशी बसून दाण्यांतला कचरा वेचत होती. धूळ जाऊ नये म्हणून तिनं पदर नाकातोंडाशी घट्ट धरला होता, आणि तरी गेलीच म्हणून डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

नेमकी तेव्हाच गोजराबाई दारावरून चालली होती.

गोजराबाईसारखं रडणारी बाई पंचक्रोशीत नाही. कोणाचीही मयत असो, तिच्या गळ्याशिवाय ती पुरी होत नाही. तिनं काय पाहिलं? जगदेव जमिनीवर, उघडाबंब. माणूस जायला लागला की त्याला खाली जमिनीवर घेतात, हे काय तिला माहीत नव्हतं? उशाशी बायको, तोंडाला पदर, डोळ्यांना धार. याच्यावर आणखी कोणता पुरावा पाहिजे! गोजराबाईनं तिथंच बसकण मारली आणि हंबरडा फोडला.

तो आवाज ऐकून कस्तुराबाई दचकली. हिच्या घरी काहीतरी वाईट झालं, असं तिला वाटलं. शेजारधर्म म्हणून तीही गळा काढून रडू लागली. आता तर शंकाच उरली नाही!

बघता बघता अंगण भरलं. पोरं, बाया, शेंदूर लावल्यासारखे लाल डोळे करून आलेले दोन भाऊबंद. सगळे सोयाबीन तुडवतच आत आले आणि धुळीचा लोट उठला. शेषराव मयतीच्या कामात वाकबगार, त्यानं एकाला बांबूला पाठवलं, एकाला गोवऱ्यांना, शिवमला फोन लावायला सांगितलं, जो थ्रेशरच्या आवाजात त्याला ऐकूच गेला नाही, आणि स्वतः वीरेंद्रला लावला. वीरेंद्र नुकताच स्टेशनबाहेर पडला होता. शेषरावानं वृंदावनातलं तुळशीचं पान आणलं आणि पाण्यात बुडवून जगदेवच्या ओठांत सारलं.

जगदेव जागा झाला. भोवती सारा गाव, तोंडात तुळस. आपण जिवंत आहोत हे सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण आवाज बसलेला आणि छाती धुळीनं भरलेली. शब्द म्हणून निघालाच नाही. निघाली ती लांबच लांब शिट्टी.

"घरघर लागली," शेषराव म्हणाला. मग तो थांबला आणि त्यानं गोजराबाईकडं पाहिलं. "आता घरघर लागली, त मंग तू मघापासून कायले रडून राह्यली वं?"

गोजराबाई म्हणाली, चालू राहू द्या, वेळेवर उपयोगी पडेल.

जगदेवला मात्र हसू येण्याची वेळ उरली नव्हती. श्वास आत जायचा आणि बाहेर येईना. कोणीतरी छातीवर दगड ठेवावा तसं त्याला झालं. तो खरोखर घाबरला. आपण आता जातो, आणि राखीला भेटायचंही राहिलं, एवढंच त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात लोकांच्या पायांतून वाट काढत राखी पुढं आली. फ्रॉकच्या ओच्यात पेरू. तिनं क्षणभर कान दिला.

"हे घरघर नोहे. माही शिट्टी हाय हे. आबाजीले धाप लागली!"

पेरू तिथंच सांडले. ती घरात धावली, पंप आणि तो ओढण्यासाठी पुढं लावायचं प्लास्टिकचं नळकांडं घेऊन आली, मागोमाग निताही धावली. राखीनं शेषरावाला हुकूम सोडला की त्यांना उठून बसवा, आडवं ठेवू नका. गर्दीला अंगणाबाहेर काढलं. तुळशीचं पान बोटानं ओढून बाहेर काढलं. निता आणि शेषराव यांनी जगदेवला धरून ओसरीवर नेलं, धुळीपासून दूर. मग राखीनं नळकांडं त्याच्या तोंडाला लावलं.

ज्या पंपाला तो बला म्हणायचा, त्याच्यासमोर जगदेवनं शहाण्या पोरासारखा आ केला. हळू घ्या, धरून ठेवा, आता सोडा. राखी सांगत गेली, तो करत गेला. थोड्या वेळानं छातीवरचा दगड जरा सरकला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं नातीच्या डोक्यावर हात ठेवला, कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या गावाकडं पाहिलं, आणि घोगऱ्या आवाजात पहिला शब्द काढला.

"कोन मेलं?"

गोजराबाई पदर झटकत केव्हाच घराकडं वळली होती.

आणि वीरेंद्र आला! एका हातात बहिणीसाठी साडीची पिशवी आणि मिठाईचा डबा, दुसऱ्या हातात झेंडूचा जाडजूड हार. स्टेशनपासून तो चेहरा पाडून आला होता, आणि मयत ओसरीवर टेकून पाणी पीत बसलेली! त्याला परत फोन करायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. हाराचं काय करावं ते त्याला कळेना. शेवटी तो प्रश्न बकरीनं सोडवला.

सगळं कळल्यावर वीरेंद्र आधी पोट धरून हसला आणि मग गंभीर झाला. त्यानं राखीला जवळ घेऊन तिच्या पाठीला कान लावला. काही नाही, स्वच्छ. मग तो जगदेवशेजारी बसला. तिथं कान लावायची गरजच नव्हती. पंप घेतला तरी शिट्टी बारीक चालूच होती.

"आबाजी, शब्द काय ठरला होता?"

जगदेवनं शेषरावाकडं आशेनं पाहिलं. पण शेषरावाला शब्द चांगला पाठ होता, आणि त्यानं तो सगळ्यांसमोर म्हणूनही दाखवला. ज्याच्या छातीतून वाजली, त्याले खुशाल घेऊन जाजो.

निता ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. पुड्यांची हकीकत कस्तुराबाईनं तिला आत्ताच सांगितली होती, आणि तिला राग आला होता, चांगलाच आला होता. पण सासऱ्याचं सोललेलं अंग आणि पडलेलं तोंड पाहून तो टिकेना. राखीच्या नव्या पुड्या उद्याच आणायच्या आणि स्वतःच्या हातानं द्यायच्या, एवढं तिनं ठरवलं. मग तिनं भावाला ओवाळलं, आणि आत जाऊन सासऱ्याची पिशवी भरली.

तर भाऊबीजेच्या संध्याकाळच्या गाडीनं जऊळक्याहून अकोल्याला गेला तो जगदेव. राखी पोचवायला स्टेशनवर आली होती. पंप घेतल्यावर चूळ भरायची, हे तिनं त्याला डब्याच्या खिडकीतून पुन्हा पुन्हा बजावलं, आणि गाडी हलल्यावर तोंड फिरवून रडून घेतलं.

अकोल्याच्या छातीच्या डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं. दमा होता, आजचा नव्हे, जुना, धुळीनं उठणारा. रक्तात व्हिटॅमिन डी इतकं चढलं होतं की डॉक्टरांनी चष्मा पुसून रिपोर्ट पुन्हा वाचला. पुडी बंद, ऊन बंद, पाणी भरपूर, पंप रोज, आणि मळणीची धूळ बसेपर्यंत गावात पाऊल टाकायचं नाही, असं ते म्हणाले. जगदेवनं मान खाली घालून सगळं कबूल केलं. मग डॉक्टरांनी कागद पुढं ओढला आणि सहज विचारलं, घराण्यात कोणाला दमा आहे का?

शेजारच्या खुर्चीवर वीरेंद्र बसला होता. तो जगदेवच्या तोंडाकडं पाहत राहिला.

जगदेवनं घसा खाकरला. छताकडं पाहिलं, पंख्याकडं पाहिलं, आपल्या पायांच्या अंगठ्यांकडं पाहिलं.

"हाय जी," तो म्हणाला. "मले तो नातीकडून आला."